टॉवरवरून छोट्या विमानाचं लँडिंग सांभाळताना: नव्या कंट्रोलरसाठी टप्प्याटप्प्याने

मोठं प्रवासी विमान टॉवरच्या फ्रिक्वेन्सीवर येतं तेव्हा निम्मं काम आधीच झालेलं असतं. अप्रोच कंट्रोलने त्याला रांगेत लावलेलं असतं, ते आयएलएसच्या (पट्टीपर्यंत नेणाऱ्या रेडिओ यंत्रणेच्या) सरळ रेषेवर असतं आणि कॉकपिटमध्ये दोघं जण असतात. फ्लाइंग स्कूलच्या सेसनाचं तसं नसतं. ती कुठूनही येते. रांग तुम्हालाच लावायची असते, तीही बरीचशी डोळ्यांनी. आत कधीकधी मोजक्या तासांचा अनुभव असलेला एकटा विद्यार्थी असतो.

इथे चूक होते ती नियम माहीत नसल्यामुळे क्वचितच. बहुतेक चुका एकाच जातीच्या असतात: निर्णय उशिरा होतो. विमान हळू आहे म्हणजे वेळ भरपूर आहे असं वाटत राहतं आणि मग शेवटच्या अर्ध्या मिनिटात चार सूचना एकदम जातात. म्हणून या सगळ्या लेखाचा भर एकाच गोष्टीवर आहे. जो निर्णय तुम्हाला फायनलवर (पट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या भागात) घ्यावासा वाटतो, तो डाउनविंडवर (त्याआधीच्या, पट्टीला समांतर पण उलट दिशेच्या भागात) घ्या.

पुढचा क्रम दिवसाच्या व्हीएफआर (बाहेर डोळ्यांनी पाहून केलेल्या) उड्डाणांसाठी आहे. एकच धावपट्टी, सर्किटमध्ये (पट्टीभोवतीच्या ठरलेल्या आयताकृती फेरीत) दोन-चार छोटी विमानं आणि मधूनच एखादं एटीआर किंवा एअरबससारखं प्रवासी विमान, असं चित्र धरलं आहे. तुमच्या स्टेशनच्या स्थानिक सूचना वेगळं सांगत असतील तर त्याच पाळा.

टप्पा १: हेडसेट लावण्याआधी

*हवा आणि धावपट्टी.* दृश्यमानता ५ किलोमीटरपेक्षा कमी किंवा ढगांचा तळ १,५०० फुटांच्या खाली असेल, तर कंट्रोल झोनमध्ये (विमानतळाभोवतीच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात) साधं व्हीएफआर लँडिंग चालत नाही. स्पेशल व्हीएफआरचं क्लिअरन्स (खास परवानगी) लागतं. पावसाळ्यात हा आकडा तासाभरात दोनदा ओलांडला जातो. सकाळचा मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) पाहून दिवसभर निर्धास्त राहू नका.

वारा पाहताना फक्त वेग पाहू नका, आडवा घटक काढा. पाठ करायला सोपं गणित असं: वारा धावपट्टीला ३० अंशांनी तिरका असेल तर निम्मा, ४५ अंशांना सुमारे ०.७ पट, ६० अंशांना जवळजवळ ०.९ पट. नागपूरसारखी १४-३२ पट्टी (दिशा १४० आणि ३२० अंश) धरा, ३२ वापरात आहे आणि वारा २७० अंशांवरून १६ नॉट. फरक ५० अंश, म्हणजे आडवा घटक सुमारे १२ नॉट. एअरबसच्या वैमानिकाला याची फारशी दखलही घ्यावी लागणार नाही. सेसना १५२ च्या पुस्तकात मात्र दाखवून दिलेली आडव्या वाऱ्याची मर्यादा नेमकी १२ नॉट आहे, सेसना १७२ ची १५. सोलो (एकट्याने उडणाऱ्या) विद्यार्थ्यासाठी शाळेने घातलेली मर्यादा त्याहून कमी असते. उतरायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं नसतं. पण आकडा त्याला वेळेवर मिळाला तरच तो ठरवू शकतो.

*ऊन.* विदर्भातल्या एप्रिल-मेच्या दुपारसाठी हे वेगळं लिहायला हवं. समुद्रसपाटीपासून १,००० फुटांवरच्या धावपट्टीला प्रमाण तापमान १३ अंश असतं. पारा ४३ वर गेला की तो प्रमाणापेक्षा ३० अंशांनी वर. दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी ४,६०० फुटांवर गेलेली असते. वेगमापकावर नेहमीचाच आकडा दिसतो, पण विमान जमिनीवर जास्त वेगाने टेकतं आणि लांब धावतं. मुख्य म्हणजे गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर चढणं) केलं तर चढतं अगदी रडतखडत. सकाळी सात वाजता चालणारं अंतर दुपारी दोन वाजता चालत नाही. शिवाय पट्टीवर मृगजळ असतं, त्यात पांढरं छोटं विमान काही सेकंद दिसेनासं होतं, आणि अधूनमधून एखादी वावटळ पट्टी ओलांडून जाते. वावटळ दिसली की शॉर्ट फायनलवरच्या विमानाला सांगा. त्याला ती पुढून दिसेलच असं धरू नका.

*माणसं.* आज सोलो कोण, पहिली सोलो कोणाची, हे शाळेकडून सकाळीच घ्या आणि स्ट्रिपवर (प्रत्येक विमानाच्या नोंदीच्या चिठ्ठीवर) मोठ्या अक्षरात लिहा. एकाच शाळेची विमानं बऱ्याचदा मिळत्याजुळत्या नोंदणीची असतात. व्हीटी-एबीसी आणि व्हीटी-एसीबी एकाच वेळी सर्किटमध्ये असतील तर संक्षिप्त कॉलसाइन बंद करा आणि दोघांनाही पूर्ण नावाने बोलवा. संक्षेप करायची सुरुवात नेहमी कंट्रोलरने करायची असते, वैमानिकाने नव्हे.

*साहित्य.* दुर्बीण पुसलेली, लाइट गन (रंगीत झोत टाकून खुणा करायचा दिवा) चालू करून तिन्ही रंग पाहिलेले, राखीव रेडिओ सेट तपासलेला, क्रॅश बेलची चाचणी झालेली. लाइट गन कपाटात ठेवलेली असेल तर ती नसल्यासारखीच.

> तपासा: पट्टीची पाहणी किती वाजता झाली? गवत कापणारे, विजेचं काम करणारे, कुत्र्यांमागे धावणारी जीप, सगळे बाहेर आले का? पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात आणि घारी थेट पट्टीवर उतरतात. त्या आठवड्यात पाहणी वाढवून घ्या.

टप्पा २: पहिला कॉल

पहिल्या कॉलमध्ये तुम्हाला चार गोष्टी हव्यात: कुठे आहे, किती उंचीवर आहे, काय करायचं आहे (फुल स्टॉप, म्हणजे उतरून थांबणं, की टच अँड गो, म्हणजे टेकून लगेच पुन्हा उडणं), आणि सोलो आहे का. यातलं काही राहिलं तर तेव्हाच विचारा. “रिपोर्ट डाउनविंड” म्हणून मोकळं होणं ही सर्वांत सोपी आणि सर्वांत महाग पडणारी सवय आहे, कारण पुढचे पाच मिनिटं ते विमान तुमच्या हिशोबात नसतं.

सांगितलेली जागा खरीच असेल असं धरू नका. विद्यार्थी पूर्व-पश्चिम उलट सांगतात, तलाव चुकीचा ओळखतात, पाच मैलांना दहा म्हणतात. डिस्प्ले असेल तर पडताळा, नसेल तर दुर्बीण त्या दिशेला लावा. दिसलं नाही तर दुसरी खूण विचारा: “रेल्वेलाइन कुठल्या हाताला?” एका वाक्यात गोंधळ मिटतो.

मग सर्किटमध्ये येण्याची सूचना द्या: वापरातली धावपट्टी, डावं की उजवं सर्किट, वारा, क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब), आणि त्याच्याआधी कोण आहे. धावपट्टी आणि क्यूएनएच त्याने परत म्हणून दाखवलेच पाहिजेत. नुसतं “रॉजर” आलं तर पुन्हा विचारा, त्यात संकोच नको.

टप्पा ३: रांग लावणं

हा टप्पा सर्वांत जास्त वेळ घेईल, आणि घेऊ द्या. रांग नीट लागली तर पुढचे टप्पे आपोआप हलके होतात.

आधी वेगाचा हिशोब. सेसना १७२ फायनलवर साधारण ६५ नॉटने (तासाला ६५ सागरी मैल; पुढचे मैलही सागरीच) येते, ए-३२० सुमारे १४० ने. चार मैलांवरून टेकायला सेसनाला ३ मिनिटं ४० सेकंद लागतात, एअरबसला १ मिनिट ४५ सेकंद. समोरून १५ नॉटचा वारा असला की सेसनाला पावणेपाच मिनिटं लागतात, एअरबसला दोनच्या आत. वारा वाढला की दोघांमधली दरी वाढते, हे नवखे विसरतात.

आता पट्टीवरचा वेळ जोडा. समांतर टॅक्सीवे नसेल तर छोट्या विमानाला उलट फिरून पट्टीवरूनच यावं लागतं. टॅक्सीचा वेग १५ नॉट धरला तर १,००० मीटर बॅकट्रॅकला दोन मिनिटांहून जास्त लागतात. म्हणजे दोन मैलांवर फायनलला वळलेल्या सेसनाला टेकायला दोन मिनिटं, धाव संपवून फिरायला एक, बॅकट्रॅकला दोन. एकूण पाच. सरासरी १५० नॉटने येणारी एअरबस तेवढ्या वेळात साडेबारा मैल कापते. एअरबस त्याच्या आत आली असेल तर सेसनाला पुढे घेऊ नका. “बसेल बहुधा” हा विचार मनात आला की उत्तर “नाही” समजा.

छोट्या विमानाला मागे ठेवायची साधनं अशी, पसंतीच्या क्रमाने:

१. सर्किटच्या बाहेरच, ओळखीच्या खुणेवर थांबवणं. सर्वांत शांत मार्ग, पण तो पहिल्या कॉललाच सुचायला हवा.

२. डाउनविंड लांबवणं: “एक्स्टेंड डाउनविंड, आय विल कॉल युवर बेस.” (बेस म्हणजे डाउनविंडवरून फायनलकडे नेणारा आडवा भाग.) हे म्हटल्यावर स्ट्रिप तिरकी ठेवा. लांबवलेला माणूस विसरला जातो, तो आज्ञाधारकपणे सरळ जात राहतो, आणि त्याच्या मागचा त्याच्याआधी बेसला वळतो.

३. डाउनविंडवर ऑर्बिट, म्हणजे जागेवरच एक गोल फेरी. मागे कोणी नसेल तरच. सोलोला शक्यतो नको.

४. फायनलऐवजी पट्टीवरून जाऊन आणखी एक सर्किट.

बेसवर किंवा फायनलवर ऑर्बिट देऊ नका. विमान कमी उंचीवर आणि कमी वेगात असतं, फ्लॅप (हळू उडण्यासाठी पंखांमागून काढलेले पडदे) बाहेर असतात, वळताना वैमानिकाची नजर पट्टीवरून सुटते. “मेक शॉर्ट अप्रोच” हेही अनुभवी वैमानिकापुरतंच. विद्यार्थी ते नाकारत नाही. तो “विल्को” (समजलं, करतो) म्हणतो आणि उंच, वेगात, अर्धवट तयारीने येतो.

२०१६ च्या जूनमध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या हॉबी विमानतळावर काय झालं ते प्रत्येक ट्रेनीने वाचावं. एक सिरस एसआर-२०, एका इंजिनाचं छोटं विमान, जेट विमानांच्या गर्दीत उतरवायचा प्रयत्न चालला होता. गो-अराउंड झाली, धावपट्टी बदलली, वळणं आणि दुरुस्त्या वाढत गेल्या. शेवटच्या गो-अराउंडमध्ये पुरेसा वेग येण्याआधी फ्लॅप वर घेतले गेले, विमान स्टॉल होऊन (पंखांची उचल जाऊन) कोसळलं आणि तिघे दगावले. तपासात मुख्य कारण वैमानिकाची गो-अराउंडची चुकलेली पद्धत हेच ठरलं. पण त्या विमानाला रांगेतून बाहेर काढून रडार कंट्रोलकडे नव्याने लावायला न देता टॉवरने सर्किटमध्येच ठेवलं, हाही हातभार म्हणून नोंदला गेला.

> सावध: एकाच विमानाला दुसऱ्यांदा गो-अराउंड द्यावी लागली तर तिसऱ्या प्रयत्नाची घाई करू नका. त्याला गर्दीबाहेर काढा, उंची घेऊ द्या, श्वास घेऊ द्या, आणि मोठ्या विमानांनाच थोडं थांबवा. दहा मिनिटांचा उशीर कोणाच्या जिवावर येत नाही.

टप्पा ४: कोण कोणाला दिसतंय

“नंबर टू, फॉलो सेसना ऑन बेस” असं म्हटल्याने काम होत नाही. “ट्रॅफिक इन साइट” हे उत्तर आलं तर झालं. पुढचं दिसत नाही असं उत्तर आलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर अंतर राखण्याची जबाबदारी पूर्ण तुमच्याकडे, आणि त्याला तुमच्या सांगण्याशिवाय बेसला वळू द्यायचं नाही.

माहिती दोघांनाही द्या. मागच्याला पुढचा कुठे ते सांगितलं जातं. पुढच्याला मागून कोण येतंय ते सांगायचं राहतं. मे २०२१ मध्ये डेन्व्हरजवळच्या सेंटेनियल विमानतळाबाहेर एक सिरस आपली फायनल ओलांडून शेजारच्या समांतर पट्टीच्या रेषेत गेली आणि तिथल्या मेट्रोलायनरला, दोन इंजिनांच्या विमानाला, धडकली. सिरस पॅराशूटने खाली आली, मेट्रोलायनर फाटलेल्या अवस्थेत उतरली, सगळे वाचले. सिरसच्या वैमानिकाला मेट्रोलायनरची कल्पना होती; मेट्रोलायनरला सिरसची दिलेली नव्हती.

आणखी एक बारीक गोष्ट: विमानाचा प्रकार सांगा, रंग नव्हे. आणि दोन सेसना असतील तर “सेसना ऑन बेस” पुरेसं नाही. दोन्हींपैकी आपल्या पुढची कोणती, हे त्याला कळणार नाही.

टप्पा ५: मोठ्याच्या मागून लहान

वेकच्या (विमानामागे राहणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांच्या) हिशोबात ७,००० किलोपर्यंतचं विमान लाइट, त्यावर १,३६,००० च्या खालचं मीडियम. एटीआर-७२ मीडियम आहे, हे लक्षात असू द्या. पंखे दिसतात म्हणून ते सेसनाच्या जातीचं होत नाही. उतरणाऱ्या मीडियम किंवा हेवीमागे उतरणाऱ्या लाइटसाठी वेळेचं अंतर ३ मिनिटांचं. ६५ नॉटच्या सेसनासाठी हे सव्वातीन मैल होतात.

व्हीएफआरने येणाऱ्या विमानासाठी हे अंतर तुम्ही लावणं बंधनकारक नाही, ती जबाबदारी वैमानिकाची असते. तुम्ही “कॉशन वेक टर्ब्युलन्स” म्हणून सावध करायचं. नियम तसा आहे. माझं मत असं की, समोर सोलो असेल तर नियमाने दिलेली ही सूट वापरू नका. एक डाउनविंड लांबवली की तीन मिनिटं सहज मिळतात.

सर्वांत फसवा वारा म्हणजे हलका आडवा वारा. जोराच्या वाऱ्यात भोवरे वाहून जातात. तीन-चार नॉटच्या झुळकीत वाऱ्याकडच्या बाजूचा भोवरा पट्टीवरच रेंगाळतो.

टप्पा ६: “क्लिअर्ड टू लँड” म्हणण्याआधी

हे तीन शब्द तोंडातून निघण्याआधी एक ठरलेली फेरी, दर वेळी त्याच क्रमाने:

१. डोळे पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सवयीने नव्हे, खरोखर.

२. फायनलची रेषा, आणि बेसवर दुसरं कोणी आहे का.

३. स्ट्रिप. पट्टीवर कोणीही असेल, विमान, जीप वा माणूस, तर “रनवे ऑक्युपाइड”ची खूण बेमध्ये (स्ट्रिप ठेवायच्या चौकटीत) लावलेली असली पाहिजे. ती खूण हटल्याशिवाय क्लिअरन्स नाही.

४. वाऱ्याचा आकडा, आणि तो विंडसॉकशी जुळतो का.

तिसरा मुद्दा कंटाळवाणा वाटतो. १ फेब्रुवारी १९९१ ला लॉस एंजेलिसमध्ये कंट्रोलरने एका छोट्या मेट्रोलायनरला धावपट्टीवर रांगेत उभं केलं, मधल्या गोंधळात ती तिथे आहे हे मनातून निसटलं, आणि त्याच पट्टीवर बोइंग ७३७ ला उतरायची परवानगी दिली. संध्याकाळच्या अंधारात पट्टीवरचं छोटं विमान नजरेला ओळखू आलं नाही, आणि टक्कर झाली. स्मरणशक्तीवर भरवसा ठेवायचा नसतो तो यासाठी.

सामान्य नियम असा: पुढे उतरलेलं विमान पट्टीबाहेर गेल्याशिवाय, किंवा पुढे उडालेलं विमान पट्टीचं टोक ओलांडल्याशिवाय वा वळायला लागल्याशिवाय, मागच्याने थ्रेशोल्ड (पट्टीची सुरुवात) ओलांडायचा नाही. दोन हलक्या, एका इंजिनाच्या विमानांमध्ये अंतर कमी करून ६०० मीटरवर आणण्याची सोय आहे. पण ती जिथे मंजूर आहे तिथेच, दिवसा, चांगल्या दृश्यमानतेत, आणि पुढचं विमान थांबलेलं नसताना, बॅकट्रॅक करणार नसताना. शेवटच्या अटीमुळे आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या विमानतळांवर तिचा उपयोग होत नाही. शेजारच्या टॉवरवर करतात म्हणून आपणही करायचं नाही.

पट्टी अजून मोकळी नसेल तर “कंटिन्यू अप्रोच” म्हणा आणि कारण जोडा: “वन डिपार्चर अहेड.” कारण कळलं की वैमानिक निवांत राहतो.

टच अँड गोची परवानगी आणि उतरण्याची परवानगी वेगवेगळी आहे. “क्लिअर्ड टू लँड” दिलं आणि विद्यार्थी सवयीने पुन्हा उडाला, तर बॅकट्रॅकच्या हिशोबाने लाइनअप केलेलं पुढचं विमान त्याच्या वाटेत असू शकतं. फुल स्टॉप हवं असेल तर “मेक फुल स्टॉप” असं वेगळं म्हणा, आणि ते फायनलवर नव्हे, डाउनविंडवर.

> तपासा: रीडबॅकमध्ये धावपट्टीचा आकडा, परवानगीचा प्रकार आणि कॉलसाइन, तिन्ही आले का? क्लिअरन्स भलत्याच सेसनाने परत म्हणून दाखवणं ही दुर्मीळ घटना नाही. आवाज ओळखीचा वाटला तरी कॉलसाइन ऐका.

टप्पा ७: शेवटचा मैल

आता बोलायचं कमी आणि पाहायचं जास्त. पुढच्या गोष्टी दुर्बिणीतून पाहा.

विमान योग्य पट्टीच्या रेषेत आहे का? टॅक्सीवेच्या नाही ना? चाकं आत जाणारं विमान असेल, उदाहरणार्थ सेनेका किंवा डीए-४२, तर चाकं खाली दिसतात का? दिसत नसतील तर लगेच सांगा. उतार फार उंच किंवा फार सपाट वाटतोय का? पंख सतत एका बाजूला कलतोय का, म्हणजे आडव्या वाऱ्याशी झुंज चाललीय का?

फायनलवर असताना वारा लक्षणीय बदलला तर तेवढं सांगायचं. प्रमाण असं: समोरचा घटक १० नॉटने, मागचा २ नॉटने, आडवा ५ नॉटने. मागच्या वाऱ्याची मर्यादा सर्वांत छोटी आहे.

बाकी वेळ गप्प. फायनलचा शेवटचा भाग, टेकणं आणि पट्टीवरची धाव या काळात सुरक्षिततेशिवाय कुठल्याही कारणाने बटण दाबायचं नाही. “नेक्स्ट लेफ्ट व्हेकेट” हे विमान पन्नास फुटांवर असताना सांगणाऱ्यांची संख्या कमी नाही.

*गो-अराउंडची खूण.* थ्रेशोल्डपासून साधारण एक किलोमीटरवरचं एखादं झाड, शेड वा रस्ता हेरून ठेवा. तिथे सेसनाला टेकायला ३० सेकंद उरलेले असतात आणि ती पावणेदोनशे फुटांच्या आसपास असते. विमान त्या खुणेवर आलं आणि पट्टी मोकळी नाही, तर “गो अराउंड” म्हणा. “अजून पाच सेकंदांत हटेल” असं म्हणत थांबायचं नाही. मेच्या दुपारी ही खूण आणखी मागे न्या, कारण गरम हवेत चढायला जागा लागते. खूण चुकली आणि पट्टी तरीही अडलेली असेल, तर उशिरा का होईना, गो-अराउंड द्याच.

सूचना फक्त तेवढीच: कॉलसाइन, “गो अराउंड.” कारण नको, वळण नको, उंची नको. तो चढतोय हे डोळ्यांनी दिसलं की मगच पुढचं सांगा. समोर जर उडणारं विमान असेल आणि वळण लागणारच असेल, तर ती अडचण तुम्ही टप्पा ३ मध्येच तयार केली होती.

> सावध: वैमानिकाने स्वतःहून गो-अराउंड केलं तर कारण विचारू नका. सर्किटची उंची गाठल्यावर हवं तर विचारा. तोवर त्याला जागा करून द्या, आणि आवाजात वैताग येऊ देऊ नका. सोलोवरचा विद्यार्थी पुढच्या वेळी गो-अराउंड करायला कचरेल.

टप्पा ८: टेकल्यानंतर

टेकलं म्हणजे उतरलं नव्हे. विमान पट्टीबाहेर पूर्ण, शेपटीसकट, गेल्याचं पाहा. “रनवे व्हेकेटेड” ऐकून खूण हटवू नका, पाहून हटवा. उडी मारत टेकलं, बाजूला ओढलं गेलं, टायर फुटल्यासारखं वाटलं, तर पुढच्याला थांबवा आणि पट्टीची पाहणी करून घ्या. रबराचा तुकडासुद्धा पुरतो.

टप्पा ९: बिघडलं तर

*रेडिओ गेला.* ट्रान्सपॉन्डरवर ७६०० दिसेल, किंवा विमान गप्पच सर्किटमध्ये येईल. लाइट गन उचला. हवेतल्या विमानासाठी: स्थिर हिरवा म्हणजे उतरा; स्थिर लाल म्हणजे इतरांना वाट द्या आणि घिरट्या घालत राहा; उघडझाप करणारा हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या; उघडझाप करणारा लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका; उघडझाप करणारा पांढरा म्हणजे इथेच उतरा आणि एप्रनवर या. दिवसा वैमानिक पंख हलवून पोच देतो. विमान तुमच्याकडे तोंड करून असताना, म्हणजे बेसवर किंवा फायनलवर, झोत लवकर दिसतो. बोलणंही चालू ठेवा. बऱ्याचदा त्याला ऐकू येत असतं, फक्त बोलता येत नसतं. “ऐकू येत असेल तर पंख हलवा” एवढं विचारून पाहा.

*दिसेनासं झालं.* उतरण्याची परवानगी दिलेलं विमान अपेक्षित वेळेनंतर ५ मिनिटांत उतरलं नाही आणि संपर्कही नाही, तर तो अॅलर्ट फेज, म्हणजे शोध-बचावाला सावध करण्याचा टप्पा. हे पाच मिनिटं “बहुधा लांबून येत असेल” म्हणत घालवू नका. लगेच बोलवा, दुसऱ्या विमानाकडून बोलवून पाहा, शाळेला फोन करा, आणि घड्याळाकडे लक्ष ठेवा. धूळ किंवा धूर दिसला तर मिनिटं मोजायची गरजच नाही.

*कोसळलं किंवा घसरलं.* आधी क्रॅश बेल, मग बाकी सगळं. अग्निशमन दलाने तीन मिनिटांच्या आत पट्टीच्या कुठल्याही भागात पोचायचं असतं. त्यातला अर्धा मिनिट तुम्ही खात्री करून घेण्यात घालवायचा नाही. सांगायचं ते याच क्रमाने: जागा (ग्रिड नकाशाच्या चौकोनासह), विमानाचा प्रकार, आत किती जण, इंधन किती, वारा. आत किती जण हे सकाळच्या स्ट्रिपवर लिहिलेलं असेल तर आठवावं लागत नाही. सर्किटमधल्या इतरांना त्याच श्वासात बाहेर पाठवा: उंची राखा, पट्टी बंद आहे. एका विद्यार्थ्याचा अपघात पाहणारे बाकीचे विद्यार्थीही हवेतच असतात, आणि त्यांचं इंधन संपायला किती वेळ आहे हे पुढच्या मिनिटाला विचारून घ्या.

*खुर्ची बदलताना.* गोंधळ बहुधा सुपूर्दगीच्या आसपास होतो. नव्या कंट्रोलरला स्ट्रिपनुसार नव्हे, खिडकीतून दाखवत सांगा: हा डाउनविंडवर, लांबवलेला, तो सोलो, एकदा गो-अराउंड झालेली, पट्टीवर कोणी नाही. त्याने प्रत्येक विमान बोटाने दाखवल्याशिवाय हेडसेट काढू नका. आणि सर्किटमध्ये कोणी असेल तर ते उतरेपर्यंत मागे उभे राहा.